गुण आला, पण कशाने?

कामगाराच्या पगाराला फुटणाऱ्या वाटांची यादी करताना कार्यकर्ते घरभाडे, शाळेची फी, कर्जाचे हप्ते आणि दारू यांचा उल्लेख हटकून करतात. एका वाटेकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच जाते. ही वाट पूर्वी औषधाच्या दुकानातील काचेच्या कपाटापाशी संपत असे. अलीकडे ती पुष्कळदा शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात संपते. शक्तिवर्धक भुकटी, प्रथिनांचा डबा, प्रतिकारशक्तीच्या गोळ्या, सांधेदुखीवरचा रस, मुलांची उंची वाढविणारे पेय अशा नाना नावांनी हा माल कामगार वस्तीत शिरतो. कायद्याच्या भाषेत तो औषध नव्हे, ‘पूरक आहार’ होय. घेणाऱ्याच्या मनात मात्र तो औषधच असतो, आणि विकणाऱ्याची तीच इच्छा असते.

समजा, अंबरनाथ पश्चिमेला, काडेपेटीच्या कारखान्याने ज्याला आपले नाव दिले त्या विमको नाक्याच्या आसपास राहणारी एक स्त्री औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंगला आहे. दिवसभर उभ्याने काम, घरी आल्यावर पाणी आणि स्वयंपाक, पहाटे पुन्हा तेच. गेले दोन महिने तिला विलक्षण थकवा वाटतो, जिना चढताना दम लागतो. शेजारीण सांगते, “अहो वहिनी, आमच्याकडची पावडर महिनाभर घेऊन तर बघा, नाही फरक पडला तर मला सांगा.” डबा महाग असतो, पण हप्त्याने मिळतो. महिना उलटतो आणि त्या स्त्रीला खरोखरच बरे वाटू लागते. ‘गुण आला’ असे ती म्हणते. शेजारचा शिकलेला पुतण्या हसतो आणि म्हणतो, “काकू, हे सारे मनाचे खेळ.”

या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे सिद्ध झालेले नाही, ही गोष्ट पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावयास हवी. काकू खोटे बोलत नाही. तिला बरे वाटले हे सत्यच आहे. परंतु कशाने बरे वाटले, हे तिच्या अनुभवातून कळण्याचा मार्ग नाही. पुतण्याजवळही पुरावा नाही. त्याच्याजवळ केवळ अविश्वास आहे. अविश्वास ही बुद्धिवादाची पहिली पायरी असली, तरी त्या पायरीवरच बसून राहणे म्हणजे बुद्धिवाद नव्हे.

त्या एका महिन्यात काय काय घडले असेल? माणूस डबा विकत घेतो तो थकवा कळसाला पोहोचल्यावर, थोडे बरे असताना नव्हे. कळसाला पोहोचलेली गोष्ट बहुधा आपण होऊन उतरते. पावसाळ्यातील तापानंतरची अशक्तता तीन-चार आठवड्यांत ओसरतेच. कदाचित त्या महिन्यात तिची पाळी बदलली असेल, किंवा वसाहतीतील ऑर्डर कमी होऊन जादा काम बंद झाले असेल. भुकटी दुधातून घ्यावयाची म्हणून घरात तिच्या वाट्याला प्रथमच पेलाभर दूध आले असेल. एरव्ही ते मुलांना आणि नवऱ्याच्या चहाला जाते. डब्यासाठी एवढे पैसे मोजल्यावर ती सकाळी उपाशीपोटी कामावर जाणेही सोडून देते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा सगळ्याचा यश-धनी मात्र डबा ठरतो.

याखेरीज एक खरा परिणाम असतो, ज्याला वैद्यकात प्लासीबो म्हणतात. औषधी द्रव्य नसलेली, पण दिसावयास हुबेहूब औषधासारखी असलेली गोळी श्रद्धेने घेतली असता दुखणे, थकवा, मळमळ, निद्रानाश अशा तक्रारी काही प्रमाणात कमी झाल्याचे रुग्ण सांगतात. याची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. प्रेमाने पाठीवर फिरविलेल्या हाताने दुखणे हलके होते, हे कोणत्या आईला ठाऊक नाही? प्रश्न एवढाच की, हा परिणाम कोठवर पोहोचतो.

याचे लख्ख उत्तर २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या एका लहान प्रयोगात सापडते. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी आयुष्य काढणाऱ्या अंबरनाथकरांना दम्याचे उदाहरण परके वाटू नये. त्याच रुग्णांना आळीपाळीने श्वासनलिका रुंद करणारे खरे औषध, औषधाविना पंप, सुया टोचण्याचे नुसते सोंग आणि काहीच नाही, असे चार प्रकार देण्यात आले. ‘किती बरे वाटले?’ या प्रश्नाला मिळालेली उत्तरे अशी : खऱ्या औषधाने ५० टक्के सुधारणा, रिकाम्या पंपाने ४५, सुयांच्या सोंगाने ४६, काहीच न दिल्यास २१. म्हणजे रुग्णाच्या शब्दावर विसंबले तर औषध आणि सोंग यांत फरकच उरत नाही. पण त्याच वेळी यंत्राने फुप्फुसाची फुंकर मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने ती २० टक्क्यांनी वाढली होती आणि उरलेल्या तिन्ही प्रकारांत सुमारे ७ टक्क्यांनीच. विश्वासाने छातीला बरे वाटले. छाती उघडली मात्र औषधाने. दम्याच्या रुग्णाला एखाद्या रात्री याच फरकावर प्राण सांभाळावे लागतात.

काकूच्या थकव्यालाही हाच न्याय लागू आहे. तिचा थकवा कामाच्या ओझ्याचा असेल, तर विश्वास त्याला घटकाभर हलके करील. तो रक्तक्षयाचा असेल, तर बरे वाटत असतानाच रक्त घटत राहील, आणि डब्याने दिलेले समाधान तिला दवाखान्यापासून दूर ठेवील. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. प्रत्येक दोन स्त्रियांमागे एकीचा थकवा हा मनाचा खेळ नसून रक्ताचा प्रश्न आहे, हे पुतण्यानेही लक्षात घ्यावे.

तर मग कस कसा लावावा? एका माणसाच्या अनुभवाला दुसऱ्याचा अनुभव जोडून नव्हे. शंभर साक्षी मिळाल्या तरी त्या एकाच बाजूच्या असतात. जेम्स लिंड या इंग्रज नौदलातील शल्यवैद्याने १७४७ साली स्कर्व्हीने आजारी १२ खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांचा रोजचा आहार एकच ठेवला आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर उठून बसली. एका उपायाचे यश दुसऱ्याशेजारी ठेवून पाहण्याची ही साधी युक्ती. (तरीही नौदलाने खलाशांना सर्रास लिंबाचा रस देण्यास १७९५ साल उजाडले. खलाशांचे दात स्वस्त होते.) मुंबईलाही हा प्रकार अपरिचित नाही. १८९७ साली प्लेगच्या थैमानात हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली, आणि त्याच भिंतीआड, तेच अन्न खाणाऱ्या, न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली.

पुढचे पाऊल जॉन हेगार्थ या वैद्याने १७९९ साली टाकले. त्या काळी इंग्लंडात धातूच्या दोन कांड्या अंगावरून फिरवून संधिवात बरा करण्याचा धंदा जोरात होता. हेगार्थने लाकडाच्या कांड्या करवून त्यांना धातूचा रंग दिला आणि पाच रुग्णांवर फिरविल्या. चौघांना आराम पडला. त्या दिवशी धातूचे मोल कळले आणि विश्वासाचेही. आजच्या चाचणीत याला दोन गोष्टींची जोड मिळाली आहे. कोणाला खरे आणि कोणाला नुसते द्यावयाचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नशिबावर सोडावयाचे, म्हणजे धडधाकट माणसे एका बाजूला गोळा होत नाहीत. आणि कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसावे, मोजणाऱ्यालाही नसावे.

पूरक आहाराविषयी अशी चाचणी होऊ शकत नाही, असे विक्रेते सांगतात. हे खरे नाही. अंबरनाथहून लोकलने तासा-दीड तासावर, मुंबईच्या झोपडवस्त्यांत, ती झाली आहे. तिची हकिगत कार्यकर्त्यांनी तपशिलाने जाणून घेण्यासारखी आहे.

तिचे मूळ पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांच्या आहाराची नोंद ठेवली. ज्या स्त्रियांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा येत होते, त्यांची अर्भके जन्मतः थोराड होती. एखाद्या कंपनीला एवढे निरीक्षण डब्यावर छापावयास पुरेसे झाले असते. पण पालेभाजी आणि दूध ज्या घरात येते, त्या घरात विहीर असते, गाय असते, सासू थोडी सबुरीने वागते, आणि शेतात ओझे वाहण्याचे काम थोडे कमी असते. अर्भक पालेभाजीने थोराड झाले की घराच्या बऱ्या स्थितीने, हे नुसत्या निरीक्षणातून निवडून काढता येत नाही. संशोधकांनी हे ओळखले आणि ते चाचणीकडे वळले.

डॉ. रमेश पोतदार, इंग्लंडमधील डॉ. कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडवस्त्यांतील स्त्रियांमध्ये ही चाचणी केली. चिठ्ठ्यांच्या न्यायाने ६,५१३ स्त्रिया दोन गटांत वाटल्या गेल्या. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या, सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या जिनसांचा खाऊ. डबा घरी नेऊन तो नवऱ्याच्या ताटात जाऊ नये म्हणून वस्तीतल्याच केंद्रावर, कार्यकर्तीच्या देखत, तो खावयाचा. आणि हे गर्भ राहिल्यावर नव्हे, त्यापूर्वीपासून. कारण बाळाची घडण पहिल्या आठवड्यांतच सुरू होते आणि तेव्हा आईला ते ठाऊकही नसते. यांपैकी २,२९१ स्त्रियांना दिवस गेले आणि १,३६० अर्भकांची मोजमापे वेळेत घेता आली.

निकाल काय लागला? सर्व स्त्रिया जमेस धरता खाऊने अर्भकाचे वजन सरासरी अवघे २६ ग्रॅमने अधिक भरले, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे ज्या प्रश्नासाठी चाचणी मांडली, त्याचे सरळ उत्तर ‘सिद्ध झाले नाही’ असे आले. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने खाऊ घेतला होता, त्यांच्यात फरक ४८ ग्रॅम होता. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण मात्र तुलनागटात १२.४ टक्के असता खाऊ घेणाऱ्या गटात ७.३ टक्के निघाले, ही लहान गोष्ट नव्हे. संशोधकांनी हे सारे, अनुकूल आणि प्रतिकूल, जसेच्या तसे प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कष्ट करून उभारलेल्या कामाचा मुख्य निकाल मनासारखा न लागताही तो लोकांपुढे ठेवणे, याला वैज्ञानिक प्रामाणिकपणा म्हणतात. बाजारातील कोणत्या डब्यावर ‘आमच्या चाचणीत फरक आढळला नाही’ असे कोणी कधी वाचले आहे?

परंतु या चाचणीतील सर्वांत बोचणारा आकडा वेगळाच आहे. स्त्रियांची त्यांच्या अंगलटीप्रमाणे तीन भागांत विभागणी केली, तेव्हा सर्वांत कृश तृतीयांशात खाऊने अर्भकाचे वजन वाढलेले दिसलेच नाही. मधल्या तृतीयांशात ३४ ग्रॅमची आणि सर्वांत भरल्या अंगाच्या तृतीयांशात ९६ ग्रॅमची वाढ दिसली. जिला सर्वांत अधिक गरज, तिच्याच बाळाच्या पदरी काही पडले नाही. याचा एक संभाव्य अर्थ असा की, तो खाऊ दोनशे किलोकॅलरींहूनही कमी ऊर्जेचा होता, आणि जी बाई मुळातच अर्धपोटी आहे तिच्या शरीराने तो आपल्याच जगण्यासाठी खर्च केला. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? जीवनसत्त्वे ही भरल्या ताटातली चिमूट आहे. ताटच रिकामे असेल तर चिमटीने पोट भरत नाही. भुकटीच्या जाहिरातीत जे पुसून टाकलेले असते, ते हेच.

यावरून सगळेच पूरक आहार थोतांड आहेत असा निष्कर्ष काढणे पुतण्याला सोपे वाटेल, पण तो तितकाच चुकीचा ठरेल. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास, ज्यांना आधी मज्जारज्जूच्या दोषाचे अपत्य झाले होते अशा मातांच्या पुढील अपत्यांतील तो दोष ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ साली सात देशांत झालेल्या चाचणीने निर्विवाद सिद्ध केले. लोह कमी असलेल्या स्त्रीला लोहाची गोळी दिली तर तिचे रक्त वाढते, आणि तेथे विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा आकडा रुचणार नाही, पण तेथे पूरक गोळीला खरे काम आहे. ज्याची उणीव आहे ते भरून काढले तर गुण येतो. उणीव नसता ओतत राहिले तर येत नाही, कधी अपायही होतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व किंवा त्यांच्या नुसत्या गोळ्या देऊन जी चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ साली लागला. गाजरे आणि पालेभाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून गाजरातील द्रव्य गोळीतून द्यावे असा विचार होता. ते घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. बिडी ओढणाऱ्या कामगाराला ‘प्रतिकारक’ गोळ्या विकणाऱ्याने हा निकाल ऐकविल्याचे ऐकिवात नाही.

कस लावण्याची ही कसोटी केवळ दुकानदाराला लावून भागणार नाही. सरकारला आणि राजकीय पक्षांनाही ती लावली पाहिजे. २०२० साली करोनाच्या भीतीने माणसे घरात कोंडली गेली असता ‘आर्सेनिकम आल्बम ३०’ या होमिओपॅथिक गोळ्या आयुष मंत्रालयाच्या सूचनेचा आधार घेऊन मुंबई परिसरात घरोघरी वाटल्या गेल्या, त्या वाटपात पक्षांच्या शाखाही मागे नव्हत्या. ‘३०’ या आकड्याचा अर्थ मूळ द्रव्य शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केली, म्हणजे एकावर साठ शून्ये एवढ्या भागांत एक भाग. त्या बाटलीत मूळ द्रव्याचा कण सापडण्याची शक्यता उरत नाही. ज्याला रोग झाला नाही त्याने गोळीला श्रेय दिले. ज्याला झाला त्याने ‘नाहीतर अधिक झाला असता’ असे समाधान मानले. कोणत्याही निकालाने खोटा ठरू शकत नाही, असा हा दावा होता. त्याच वर्षी जूनमध्ये पतंजलीने ‘कोरोनिल’ हे करोना बरे करणारे औषध म्हणून मोठ्या थाटात पुढे आणले. आधार होता लक्षणरहित आणि सौम्य रुग्णांवरील एका छोट्या चाचणीचा. असे रुग्ण बहुधा आपोआप बरे होतात. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी राज्यात त्याच्या विक्रीला मनाई जाहीर केली. पुढे आयुष मंत्रालयाने ते ‘रोग बरा करणारे’ म्हणून नव्हे, तर ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून विकावे, असा मार्ग काढला. ‘बरे करते’ या शब्दाला पुरावा लागतो. ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२४ साली या कंपनीच्या चालकांना फसव्या जाहिरातींबद्दल क्षमा मागावी लागली, तोवर विक्री कैक पटींनी होऊन गेली होती.

कायद्यातील ही फट अपघाताने राहिलेली नाही. नवे औषध बाजारात आणावयाचे तर ते गुणकारी असल्याचे चाचणीने दाखवावे लागते. पूरक आहार मात्र २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ‘अन्न’ ठरतो. मान्य यादीतील द्रव्ये, ठरलेली मात्रा आणि स्वच्छ कारखाना एवढ्यावर त्याला परवाना मिळतो. डब्यावरील चौदा आकडी परवाना क्रमांक ग्राहकाला गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रासारखा भासतो. वस्तुतः तो एवढेच सांगतो की माल बनविणाऱ्याची सरकारदरबारी नोंद आहे. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे त्याच डब्यावर छापणे बंधनकारक आहे, आणि ते छापलेलेही असते. शेजारच्या उल्हासनगरात बनलेल्या मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांची थट्टा तीन पिढ्या करीत आल्या. पण त्या अक्षरांनी निदान कोणाच्या पोटात जाण्याचा दावा केला नव्हता. दावे पुराव्यावर आधारलेले असावेत, असा जाहिरातीविषयीचा २०१८ चा नियम आहे. मात्र दिवाणखान्यात तोंडी केलेला दावा कोणता निरीक्षक ऐकणार?

आणि दिवाणखान्यातील विक्रीची रचनाच अशी की, तेथे साक्षीदार आणि विक्रेता एकच असतो. काकूला गुण आला की ती पुढच्या महिन्यापासून स्वतः डबे विकू लागते. गुण आला नाही तर ती गप्प बसते, कारण घरात उरलेले डबे खपवावयाचे असतात. गुण आलेल्यांचे बोलणे वस्तीभर ऐकू येते, न आलेल्यांचे मौन कोणाला ऐकू येत नाही. डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय नियमांनी साखळी योजनांना मनाई केली आहे, परंतु मालाच्या गुणाविषयी बोलण्यासाठी विक्रेत्याजवळ पुरावा काय असावा, हा प्रश्न या नियमांनी सोडविलेला नाही. पगाराचे हजार-दोन हजार रुपये दरमहा अशा रीतीने गेलेली कुटुंबे अंबरनाथसारख्या गावात शाखेच्या कार्यकर्त्यांना शोधावी लागणार नाहीत; ती सभेला येऊन पुढच्या रांगेत बसलेली असतात, आणि पुष्कळदा तो कार्यकर्ताच विक्रेता असतो.

अशा वेळी उपदेशाने काम होत नाही. पश्चिमेलाच छाया रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयात रक्तातील हिमोग्लोबिन तपासून मिळते आणि लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. डबा घेण्यापूर्वी हा आकडा वहीत लिहावा, दोन महिन्यांनी पुन्हा लिहावा. प्रौढ, गर्भवती नसलेल्या स्त्रीचा आकडा १२ च्या खाली असेल तर भुकटीच्या वादात वेळ घालविण्याचे कारणच उरत नाही; तिने उपचार घ्यावा. आकडा ठीक असून थकवा असेल आणि घरच्यांना कुतूहल असेल, तर हेगार्थच्या कांड्यांचा प्रयोग घरातही करता येतो. तिसऱ्या कोणी माणसाने एकसारख्या पुड्या बांधाव्यात, निम्म्यांत भुकटी, निम्म्यांत तशाच रंगाचे भाजलेले पीठ. कोणत्या आठवड्यात कोणती पुडी, हे त्याच्याच चिठ्ठीवर राहावे. घेणाऱ्या बाईने रोज रात्री थकव्याला दहापैकी गुण द्यावेत आणि आठ आठवड्यांनी चिठ्ठी उघडावी. (डॉक्टरांनी दिलेल्या औषधावर हा प्रयोग चुकूनही करू नये.) एका घरातील निकालाने विज्ञान घडत नाही हे खरे, पण त्या घराचा डबा पुढे घ्यावयाचा की नाही एवढे त्यातून कळू शकते. पीठ नाचणीचे असेल तर आणखी एक मौज होण्याचा संभव आहे : स्वस्तातल्या नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, आणि ‘नुसती’ म्हणून बांधलेली पुडीच वरचढ ठरावयाची.

विक्रेत्याला मात्र या प्रयोगाचे आमंत्रण आधीच द्यावे. तो ‘ज्याचा विश्वास नाही त्याला गुण येत नाही’ असे म्हणेल. रक्ताच्या तुटवड्यावर लोह देताना कोणी विश्वासाची अट घालीत नाही, हे त्याला ऐकवावे.

मुंबईच्या चाचणीने पुढे ठेवलेला दुसरा प्रश्न घरातल्या पुड्यांनी सुटणारा नाही. कृश स्त्रियांना खाऊचा फायदा झाला नाही, कारण बहुधा त्यांना खाऊ नव्हे, जेवण कमी पडत होते. जेवणाचा प्रश्न कारखान्याच्या दारात मांडता येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा १०० कामगारांवर आणली आणि त्यांत कंत्राटी कामगारही मोजावेत असे म्हटले. त्याहून लहान कारखान्यांतील कामगार या तरतुदीच्या बाहेरच राहिले. पॅकिंगला आठ तास उभ्या राहणाऱ्या बायकांच्या डब्यात चपाती आणि चटणी असते. औद्योगिक वसाहतीतील असे पंचवीस-तीस लहान कारखाने एकत्र धरून, मालकांच्या वर्गणीने आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या जागेवर, डाळ, भाजी आणि दूध देणारे एक सामायिक उपाहारगृह उघडावे, ही मागणी शाखेने लेखी करावी. ते सुरू होण्याच्या दिवशी कामगारांचे वजन आणि हिमोग्लोबिन लिहून घ्यावे, आणि शेजारच्या, उपाहारगृह नसलेल्या कारखान्यांतील कामगारांचेही त्याच दिवशी लिहावे.